कानाडोळा

सांगलीकडच्या एका मंगल कार्यालयातली दुपारची पंगत. वर पत्र्याचं उंच छत, खाली गुळगुळीत फरशी, खिडक्यांना पडदे नाहीत, कोपऱ्यात सनईची टेप आणि दीडशे माणसं एकाच वेळी बोलतायत. सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांच्या पानात नुकतीच जिलबी पडली होती. मागून नात आली आणि विचारलं, "आजोबा, ताक आणू?" आजोबा म्हणाले, "पाक? जिलबीत मुरलेला असतोच की. वेगळा कशाला?" टेबलावर हशा पिकला. समोर बसलेला मुलगा म्हणाला, "बघा! साठ हजारांचं मशीन कानात, तरी ताकाचा पाक!" आजोबाही हसले. मग सावकाश हात वर नेऊन त्यांनी कानामागचं यंत्र काढलं, मुठीत धरलं, रुमालात गुंडाळलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. त्याच खिशातून चष्मा निघाला, नाकावर चढला आणि आजोबा हातातल्या पाकिटावरचं नाव वाचू लागले. तेवढ्यात खिशातून एक बारीक, लांबलचक शिट्टी वाजायला लागली. शेजारच्यांनी आपापले मोबाइल काढून पाहिले. ती शिट्टी सगळ्या टेबलाला ऐकू येत होती, फक्त आजोबांना नाही.

हात धुताना मुलगा कुणाला तरी सांगत होता, "मोतीबिंदू काढला, चष्मा दिला, दुसऱ्या आठवड्यापासून पेपर वाचायला लागले. आणि या मशीनचं बघा." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब होता. दोन्हीकडे पैसे मोजले, दोन्हीकडे तपासणी झाली. मग एका वस्तूने काम केलं आणि दुसरीने का नाही?

मराठीत कान आणि डोळा जोडले की कानाडोळा होतो. शब्दात हे दोघे इतके सख्खे शेजारी आहेत की त्यांचे इलाजही भावाभावांसारखेच असतील असं वाटतं. चष्मा म्हणजे डोळ्याचं मशीन आणि मशीन म्हणजे कानाचा चष्मा. डॉक्टरसुद्धा घाईत असले की हीच उपमा देतात. या उपमेने जितकी यंत्रं कपाटात जाऊन पडली असतील तितकी खराब सेलनेही पडली नसतील.

डोळ्याचं बघा. पुढे भिंग, मागे पडदा. चाळिशी लागते तेव्हा भिंग कडक झालेलं असतं, जवळच्या अक्षरासाठी ते पूर्वीसारखं फुगत नाही, आणि प्रकाश पडद्यावर नेमका एकवटत नाही. पडदा मात्र धडधाकट असतो. त्यामुळे समोर +१.५० किंवा +२.०० ची काच धरली की प्रकाश जागेवर येतो आणि काम झालं. दुकानदार काचा बदलत विचारतो, "आता बरं की मगाशी बरं?" आणि पाच मिनिटांत नंबर निघतो. रेल्वे स्टेशनबाहेर खोक्यावर मांडलेल्या तयार चष्म्यातला एखादा उचलून डोळ्याला लावला, तरी पोथी वाचण्यापुरतं भागतं. पण मधुमेहाने पडदाच खराब झाला असेल, किंवा वयाने त्याचा मधला भाग झिजला असेल, तर काचा कितीही बदला, अक्षर मधोमध पुसटच राहतं. अशा माणसाला कोणी "चष्मा लावलाय ना, मग वाच की" असं म्हणत नाही. म्हातारपणी जड झालेल्या कानाची तुलना करायचीच, तर ती या डोळ्याशी करावी लागते.

अपवाद आहेत, आणि ते महत्त्वाचे आहेत. कानात मळ घट्ट बसलाय, कानाच्या पडद्याला भोक आहे, मधल्या कानातली हाडं अडकलीत, अशा वेळी बिघाड आवाजाच्या वाटेवर असतो, आतलं इंद्रिय ठीक असतं. मळ काढला की काम होतं, काहींना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो, आणि यंत्र लावलं तर ते खरोखर चष्म्यासारखं वागतं: आवाज मोठा करून दिला की माणूस खुश. म्हणून यंत्राआधी कान-नाक-घसा डॉक्टरांनी कानात डोकावणं गरजेचं. पण वयाने, कारखान्यातल्या किंवा फटाक्यांच्या आवाजाने, काही औषधांनी जे ऐकणं जातं, ते बहुतेक वेळा आतल्या शंखातून जातं.

हा शंख वाटाण्याएवढा. अडीचेक वेढे, उलगडला तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. त्यात केसासारखे तुरे असलेल्या पेशी ओळीने बसलेल्या असतात. आतल्या ओळीत सुमारे साडेतीन हजार आणि बाहेरच्या ओळींत सुमारे बारा हजार. आतल्या पेशी आवाजाचा निरोप मेंदूकडे धाडतात. बाहेरच्यांचं काम वेगळंच. त्या स्वतः हलतात आणि हळू आवाजाला आतल्या आत ४०-५० डेसिबलपर्यंत उचलून धरतात. म्हणजे निसर्गाने प्रत्येक कानात एक अ‍ॅम्प्लिफायर आधीच बसवलाय, आणि तो हुशार आहे: कुजबुज उचलतो, ढोल-ताशा उचलत नाही. म्हातारपणी बहुधा या बाहेरच्या पेशी आधी जातात. गेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आणि मग घरोघरी घडणारा तो प्रसंग घडतो.

"आजी, जेवायला चल." "काय?" "जेवायला चल." "अं?" "जेवायला चल!!" "अरे, ओरडतोस कशाला? बहिरी नाहीये मी."

नातवाला वाटतं आजी नखरे करते. आजीचं म्हणणं तंतोतंत खरं असतं. हळू आवाज उचलणारा गेला, पण मोठा आवाज तिला आपल्याइतकाच मोठा लागतो. ऐकू न येणं आणि असह्य होणं यांमधली जागा आक्रसली आहे. तुमच्याकडे दहा पायऱ्यांचा जिना असेल तर तिच्याकडे चार पायऱ्या उरल्यात, आणि सगळ्या जगाचा चढउतार त्या चारांत बसवायचाय. यंत्रातली चिप दिवसभर हेच करते. उदाहरणार्थ, कुजबुजीला २५ डेसिबल जोड, नेहमीच्या बोलण्याला १५, कुकरच्या शिट्टीला जवळजवळ काहीच नको. हे गणितही आवाजाच्या प्रत्येक पट्टीसाठी वेगळं. ऑनलाइन हजार-बाराशेला मिळणारं 'कानाचं मशीन' सगळ्याच आवाजांना सरसकट फुगवतं, म्हणून ते लावलेला माणूस भांडं पडलं की दचकून यंत्र काढून ठेवतो. तयार चष्म्यासारखं ते खपवलं जातं, पण चुकीच्या नंबरच्या काचेने फार तर डोकं दुखेल. चुकीच्या जोराने फुगवलेला आवाज उरलेल्या पेशींनाही इजा करू शकतो.

कानाला नंबर नसतो, आलेख असतो. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर वाजवतात आणि प्रत्येक सूर किती बारीक असताना कळला ते कागदावर मांडतात. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. यंत्रावरच्या खुणाही त्याच, लाल उजवं, निळं डावं. म्हाताऱ्या माणसाचा आलेख बहुतेक वेळा डावीकडे बरा असतो आणि उजवीकडे घाटासारखा उतरतो, कारण शंखाच्या तोंडाशी बसलेल्या, उंच सुरांच्या पेशी आधी झिजतात. आता मराठी बोलण्यात काय कुठे असतं ते पाहा. स्वर, म, न हे खालच्या पट्टीत, आणि बोलण्याचा दणदणीतपणा त्यांच्यातच. स, श, त, प, क, ठ यांचा फुसकारा, टिचकी, हवेचा झोत वरच्या पट्टीत, आणि अर्थ बराचसा त्यांच्यात. म्हणून "ऐकू येतं, पण काय म्हणाला ते कळत नाही" हे वाक्य कुठल्याही तपासणी केंद्रात दिवसाला दहा वेळा ऐकू येतं. सात की साठ, पाट की पाठ, ताक की पाक. आजोबांच्या कानापर्यंत पोचलं ते एक 'आ' आणि पुढेमागे काहीतरी. उरलेलं मेंदूने भरलं, आणि समोर जिलबी असताना मेंदूने काढलेला अंदाज अजिबात वेडगळ नव्हता.

आलेख सारखा असलेल्या दोन माणसांचं समजणं सारखं नसतं, हा आणखी एक घोळ. म्हणून चांगल्या तपासणीत शब्दांची यादीही ऐकवतात, पुरेशा मोठ्या आवाजात, आणि किती शब्द बरोबर परत म्हटले ते मोजतात. एकाचे शंभरात नव्वद येतात, दुसऱ्याचे साठ. दुसऱ्याला दीड लाखाचं यंत्र दिलं तरी ते साठाच्या फार पुढे नेईलच असं नाही. घेण्याआधी हा आकडा विचारावा. विकणारे आपणहून सांगतीलच असं नाही.

माप घेणं हीसुद्धा कला आहे. चष्म्याची दांडी सैल झाली तर स्क्रू पिळतात. यंत्र कानात बसवणारा साचा मात्र कानातच ओततात. आधी दिवा लावून आत बघायचं, मग दोऱ्याला बांधलेला फोमचा छोटा बोळा कानाच्या नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे बसवायचा, मगच सिरिंजने सिलिकॉन भरायचं आणि काही मिनिटांनी ओढून काढायचं. बोळा न घालता साचा घेणाऱ्याकडून उठून यावं, कारण ते मिश्रण पडद्यापर्यंत गेलं तर फार महागात पडतं. साच्याला बारीक भोक ठेवतात. ते का, हे कळायला दोन्ही कानांत बोटं घालून लांब 'ई' म्हणून बघा. आपलाच आवाज विहिरीत घुमल्यासारखा येतो. कान बुजला की हाडांतून येणारा आपला आवाज आतच अडकतो. घास चावला तरी गिरणी चालल्यासारखं वाटतं. भोक मोठं ठेवलं की हे घुमणं कमी होतं, पण त्याच भोकातून यंत्राचा आवाज बाहेर गळून परत मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. सैल साचा, कानातला मळ, मफलर, मिठी, मूठ, सगळ्यांनी हेच होतं. लाऊडस्पीकरसमोर माईक धरल्यावर होतं तेच, फक्त बोटाच्या पेराएवढ्या जागेत. आजोबांच्या मुठीत यंत्र चालूच होतं, खिशातही चालूच राहिलं. सेलचं दार उघडलं असतं तर ते बंद पडलं असतं. आणि ती शिट्टी नेमकी त्या उंच पट्टीतली होती जी त्यांच्याकडे उरली नव्हती.

यंत्र कॉम्प्युटरला जोडून 'सेट' केलं की झालं, असं बऱ्याच ठिकाणी मानतात. पण कॉम्प्युटरने धरलेला कान सरासरीचा असतो, आणि सरासरी कान कुणालाच नसतो. कानाची नळी बारीक असेल तर तोच आवाज आत जास्त जोरात आदळतो. म्हणून पडद्याजवळ सिलिकॉनची केसासारखी नळी सोडून, यंत्र घातलेलं असताना आत खरोखर किती आवाज पोचतोय ते मोजायची पद्धत आहे. वीसेक मिनिटं लागतात, उपकरण लागतं, त्यामुळे ती सगळीकडे होत नाही. ज्यांना यंत्र घ्यायचंय त्यांनी कंपनी कुठली हे विचारण्याआधी हे मोजता का, असं विचारावं.

मग सांभाळणं. चष्मा शर्टाच्या टोकाने पुसतो, उशाखाली सापडतो, पावसात भिजला तरी चालतो. यंत्राचे चोचले नव्या सुनेइतके. सेल बटणाएवढा, त्यावर रंगीत चिकटपट्टी: १० नंबरला पिवळी, ३१२ ला तपकिरी, १३ ला केशरी, ६७५ ला निळी. हा सेल हवेवर चालतो. पट्टी काढल्यावर मिनिटभर तसाच ठेवायचा, मग घालायचा. घाई केली तर नवा सेलही मेलेला वाटतो. आणि एकदा पट्टी काढली की तो वापरा न वापरा, संपत जातो. परत चिकटवून काही उपयोग नाही. ३१२ साधारण आठवडाभर पुरतो. नातवंडांच्या हाती लागू द्यायचा नाही, गिळला तर थेट हॉस्पिटल. यंत्र "बंद पडलं" म्हणून जे परत आणतात त्यातल्या पुष्कळांत फक्त टोकाची पांढरी जाळी मळाने बुजलेली असते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर दमट हवा आत शिरते, घाम वेगळाच. रात्री सेल काढून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. दाण्यांचा रंग बदलला की ते ओलावा पिऊन तुडुंब झाले, ते तापवून पुन्हा वापरता येतात. फ्रीज नको, देवघरातला दिवाही नको. थरथरत्या बोटांनी, आणि चष्मा नसेल तर न दिसणाऱ्या डोळ्यांनी हे सगळं करायचं असतं. अतिशय लहान, कानात लपणारं यंत्र घेण्याआधी ही बोटं बघावीत.

पण लपणारंच हवं असतं.

चष्म्याच्या फ्रेमचे पैसे तो दिसावा म्हणून मोजतात, यंत्राचे दिसू नये म्हणून. चष्मा लावला की मुलगा अभ्यासू, यंत्र लावलं की बहिरा. लहान करण्याच्या नादात सेल लहान, ताकद कमी, दोन मायक्रोफोनची जागा नाही, आणि सगळं यंत्र मळाच्या तोंडाशी. हा लपवालपवीचा खेळ जुना आहे. ट्रान्झिस्टर म्हटलं की आपल्याला रेडिओ आठवतो, पण ट्रान्झिस्टर घालून बाजारात आलेली पहिली वस्तू कानाचं यंत्र होती, अमेरिकेत १९५२ च्या डिसेंबरात. रेडिओ दोन वर्षांनी आला. त्यानंतर काही वर्षांतच यंत्र चक्क चष्म्याच्या दांडीत बसवून विकू लागले. बहिरेपणा लपवायला चष्म्याची मदत! ते फार टिकलं नाही. चष्मा दुरुस्तीला दिला की कानही दुकानात ठेवून यावे लागत.

गंमत सोडली तर अडचण गोंगाटात आहे. काच धूसरपणा दूर करते, पण समोर गर्दी असेल तर ती गर्दी पुसत नाही, आणि कोणी तशी अपेक्षाही ठेवत नाही. यंत्राकडून मात्र गर्दी पुसण्याची अपेक्षा असते. पंख्याची घरघर ते ओळखून कमी करतं. पण दीडशे माणसांच्या बोलण्यातून एका नातीचं बोलणं वेगळं काढायचं म्हणजे बोलण्यातून बोलणंच गाळायचं. 'त'ला उचलायला वरची पट्टी उचलली की चमच्यांचा खणखणाटही उचलला जातो. दोन मायक्रोफोन असलेली यंत्रं समोरचा आवाज घेतात आणि मागचा दाबतात, त्यातून थोडे डेसिबल पदरात पडतात. नात आली ती मागून. म्हणजे यंत्राने शिकवल्याप्रमाणे तिलाच गोंगाटात जमा केलं. शिवाय अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो. हातभर अंतरावरून बोललेलं वाक्य खोलीच्या दारातून बोललं की कुठलंही यंत्र त्याची भरपाई करत नाही. आणि मुलींचा, बायकांचा आवाज मुळात वरच्या पट्टीतला.

सवयीचंही तसंच. नवा चष्मा दोन दिवस जमीन वाकडी दाखवतो, मग विसरायला होतं. दहा वर्षं हळूहळू शांत होत गेलेल्या डोक्यात एका सकाळी नळ, पंखा, चपला, वर्तमानपत्राची पानं, फ्रीज, कावळे सगळे एकदम शिरतात, आणि मेंदूला त्यातलं टाकायचं काय ते आठवत नाही. पहिल्या आठवड्यात शांत खोलीत, एका माणसाशी बोलत, दिवसाला दोन तास. मग चार. मग टीव्ही. मग बाजार. लग्न सगळ्यात शेवटी. आवाजही पहिल्या दिवशी पूर्ण जोराने सोडत नाहीत, महिना-दोन महिन्यांत दोन-तीन फेऱ्या मारून वाढवत नेतात. यंत्र रोज किती तास वापरलं याची नोंद बहुतेक नव्या यंत्रांत आपोआप होते. "रोज घालतो हो," असं सांगणाऱ्या आजोबांसमोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'सरासरी ४० मिनिटं' उमटतं आणि ते खिडकीबाहेर बघतात. चांगला ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून यंत्र जुळवून देणारा, त्या वेळी ओरडत नाही, कुठे त्रास होतो ते विचारतो. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांना उत्पन्नाच्या अटीत बसल्यास अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्र मिळतं, वांद्र्याला १९८३ पासून ऐकण्या-बोलण्याच्या दोषांवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे. यंत्र मिळवून देणं सोपं. त्या फेऱ्या मारायला कुणी सोबत येणं अवघड.

मंगल कार्यालयात पंगत आटोपत आली होती. आजोबांच्या खिशातली शिट्टी अधूनमधून चालूच होती. मुलगा दुसऱ्या टेबलावर पाहुण्यांशी बोलत होता. नात निघून गेली होती. वाढपी बादली घेऊन ओळीने येत होता, घामाघूम, घाईत. आजोबांपाशी आला, समोरून वाकला, ओगराळं त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं आणि म्हणाला, "मठ्ठा?"

आजोबांनी चष्मा वर सरकवला आणि पेला पुढे केला. "अर्धाच."